वळणावरच्या कौतिकाबाई

कौतिकाबाईंनी पहिल्या भेटीत माझं मनगट धरलं, ते मालगाडी पूर्ण निघून जाईपर्यंत सोडलं नाही. गाडी सिमेंटची होती आणि संपता संपत नव्हती. एका हातात कॅमेरा, दुसरा हात या अनोळखी म्हातारीच्या मुठीत, अशी मी धुळीत उभी होते. शेवटचा डबा गेला, धूळ खाली बसली, तरी पकड तशीच.

"सोडा की मावशी," मी म्हटलं.

"पुढची गाडी बी जाऊ दे. मग सोडते," त्या म्हणाल्या. "नवऱ्यानं मारलं का सासूनं?"

दिवे लागायच्या वेळी रुळाच्या कडेला एकटी उभी असलेली बाई जीव द्यायलाच आलेली असणार, असा त्यांचा सरळ हिशेब होता. मी फोटो काढायला आलेय, हे मी दोनदा सांगितलं.

"कोनाचा फोटो?"

"मालगाडीचा."

"मालगाडीत कोन हाये तुहं?"

"कोणी नाही."

"मग?"

या 'मग'ला मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आजही नीट सुचत नाही. कौतिकाबाईंनी मनगट सोडलं, दोन पावलं मागं सरकून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यांचा चेहरा जरा पडलाच होता. "मरायला आली असती तर समजलं असतं," त्या म्हणाल्या, आणि शेळ्यांना हाक मारत निघून गेल्या.

मी पडेगावला राहते. वाळूजच्या एका कंपनीत हिशेबाचं काम करते. कॅमेरा घेतला तो अजिंठ्याच्या सहलीसाठी. फर्दापूरला मुक्काम केला, दोन दिवस लेण्यांत हिंडलो, आणि माझे सगळे फोटो काळेकुट्ट आले. बहीण अजून त्यावरून हसते. परतल्यावर एका संध्याकाळी रेल्वे फाटकापाशी अडकले होते, समोरून मालगाडी चालली होती, मागं ऊन उतरलं होतं आणि दोन डब्यांच्या फटीतून उजेड येत-जात होता. सहज एक फोटो काढला आणि तो जमला. माणसांचे फोटो मला कधीच जमले नाहीत. माणूस कॅमेरा बघितला की पोट आत घेतो. मालगाडी घेत नाही. मग मी संध्याकाळी कामावरून आले की स्कूटी काढायची आणि पडेगावच्या मागच्या अंगाला, जिथं रूळ दौलताबादच्या दिशेनं वळण घेतात, तिथं जाऊन उभी राहायची. त्या वळणावर अख्खी गाडी एका नजरेत मावते आणि मागं किल्ल्याचा डोंगर दिसतो. घरात अर्थातच कुजबुज झाली. सासूबाईंनी शेजारणीला विचारलं, "सून रोज मालगाडी बघायला जाते, असं तुमच्यात कोणी ऐकलंय का?" नवरा तर एकदा मोटारसायकलवरून माझ्या मागोमाग आला, दोन मालगाड्या बघितल्या आणि कंटाळून परत गेला. त्यानंतर त्यानं कधी संशय घेतला नाही.

कौतिकाबाईंचं तसं नव्हतं. त्यांचा संशय असा दोन गाड्यांत भागणारा नव्हता.

त्यांचं घर नेमकं त्या वळणावर होतं. मातीच्या भिंती, वर पत्रे, पत्र्यांवर दगड, बाजूला कडुनिंब, आणि शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण. त्या धनगराच्या. सासरे आणि नवरा मेंढ्या घेऊन कन्नडच्या घाटापर्यंत जायचे. नवरा गेला, मेंढ्या गेल्या, उरल्या त्या शेळ्या, आणि त्या रुळाच्या कडेचं गवत खाऊन जगत. शोभा ही एकुलती लेक देवगाव रंगारीला दिलेली. ही सगळी माहिती मला कौतिकाबाईंनी दिली नाही. त्यांनी तर मला आपलं नावही सांगितलं नव्हतं. ती दिली युसूफभाईंनी. वळणाच्या अलीकडं त्यांचं पंक्चरचं दुकान आणि मागं घर होतं, तिथं मी स्कूटी लावायची.

"मॅडम, वो बुढ्ढी अपने साये पे भी शक करती," ते म्हणाले. "उसको कुछ देना नक्को, उससे कुछ मांगना नक्को. फिर कुछ टेन्शन नहीं."

मी शहाणी. दुसऱ्याच दिवशी बिस्किटाचा पुडा घेऊन गेले. कौतिकाबाईंनी तो हातात घेतला, वास घेतला, एक बिस्कीट काढून कुत्र्याला टाकलं आणि उरलेला पुडा पत्र्याच्या खाली खोचून ठेवला. "उद्या बघू," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कुत्रं शेपूट हलवत माझ्याकडंच आलं. मी विजयी मुद्रेनं त्यांच्याकडं बघितलं. "कुत्र्याचं पोट दगडाचं असतंय," त्या म्हणाल्या. पुड्याचं पुढं काय झालं ते मला कधी कळलं नाही.

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. कौतिकाबाई माठातलं पाणीसुद्धा फुंकून प्यायच्या. कोणी जास्त गोड बोललं की म्हणायच्या, "फुकट देनारा मोजून नेतो." कोणी शपथ घेतली की, "खरं बोलनाऱ्याला शप्पथ कशाला लागती?" आणि मी एकदा वैतागून म्हटलं, "मावशी, कोणावर तरी विश्वास ठेवा की!" तर म्हणाल्या, "इस्वास पानिपतात गेला, माय. कोनी माघारी आलेला बघितला का तू?"

शेळ्या किती आहेत हे विचारलेलंही त्यांना खपायचं नाही. जितराब मोजलं की कमी होतं, ही त्यांची पक्की समजूत. त्यामुळं फोटोत एक जरी शेळी आली तरी मोठा तमाशा व्हायचा. पण शेळ्यांपेक्षा मोठी भानगड घराची होती.

तिसऱ्या-चौथ्या भेटीतच त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "हा डबा बघतो ते समदं ठेवतो का?" त्यांनी कॅमेऱ्याकडं बोट केलं. मी हो म्हटलं आणि मागचा पडदा दाखवला. त्यात इंजिन होतं, डबे होते, डोंगर होता आणि डाव्या कोपऱ्यात त्यांचं घर होतं, पत्र्यावरच्या दगडांसकट. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"हे काढून टाक."

"अहो, फक्त कोपऱ्यात आलंय."

"कोपऱ्यात आलं काय अन् मधी आलं काय! माहं घर नाय आलं पाह्यजे. गाडी घे, डोंगर घे, तुह्या बापाचं आभाळ घे. माहं घर नगं."

मी तो फोटो आणि आधीचे घर आलेले सगळे फोटो त्यांच्यादेखत पुसले. त्यांना तेवढ्यानं समाधान नव्हतं. "शब्द दे," त्या म्हणाल्या. मी शब्द दिला. खरं सांगते, त्या वेळी मला तो म्हातारीचा हट्टच वाटला होता, आणि तिथून हाकलू नये एवढ्यासाठी मी तो दिला.

मग रोजचा रिवाजच पडला. गाडी गेली की कौतिकाबाई काठी टेकत यायच्या, कॅमेरा दोन्ही हातांत धरायच्या आणि एकेक फोटो तपासायच्या. मी एखादी शाळकरी पोर वही दाखवते तशी शेजारी उभी.

"हे काय हाये?"

"कोंबडीची शेपटी."

"कोनाची कोंबडी?"

"तुमचीच असणार."

"काढून टाक."

मी काढून टाकायची. घर टाळायचं म्हणजे सोपं काम नव्हतं. वळणावरची सगळ्यांत चांगली जागा अशी, की घर आपोआप चौकटीत यायचं. मी खाली बसून बघितलं, वाकून बघितलं, शेवटी कडुनिंबाच्या खोडाआड घर लपवायची एक जागा सापडली. तिथं उभं राहिलं की खोड असं मधे यायचं की घराचा पत्राही दिसायचा नाही. नंतर तर माझे पाय आपोआप तिथंच जायला लागले.

या हट्टामागं काय आहे ते त्यांनी स्वतःच एकदा सांगितलं. गाडी सिग्नलला थांबली होती, आम्ही दोघी खडीवर बसलो होतो. त्या आधी शहराच्या पलीकडच्या अंगाला राहायच्या, जिथं आता मोठमोठ्या इमारती आहेत. "एक पोरगं आलं होतं," त्या म्हणाल्या. "लई गोड. पोरांना गोळ्या दिल्या. मावशी, तुमच्या घराचा फोटो घेऊ का, म्हन्ला. मी म्हन्लं, घे बाबा. चांगलं हसून उभी राह्यले दारात. त्याच्या मागं मशीन आलं. भांडे काढायला बी वक्त नाय दिला." मालगाडीनं शिट्टी दिली, डबे एकमेकांवर आदळत हलले. शेवटचा डबा जाईपर्यंत कौतिकाबाई गाडीकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "मी हसले गं त्या फोटोत. त्याची लई चीड येती."

तेव्हापासून त्यांनी स्वतःला सरकारच्या नजरेआड ठेवलं होतं. या घरी विजेचं मीटर घेतलं नाही, रेशनला नाव लावलं नाही. कोणी घरं मोजायला आलं की दाराला कडी घालून शेळ्या घेऊन निघून जायच्या. आधारकार्डावर लेकीच्या गावचा पत्ता. "जे दिसत नाय ते पडत नाय," हे त्यांचं सूत्र. युसूफभाईंनी पुष्कळ समजावलं, "मीटर ले लो आपा, उजाला तो होगा." त्यांना उत्तर मिळालं, "उजेडात काय दिसायचंय मला? मी कोनाला दिसू नये म्हनून तर अंधारात राह्यले."

त्या माझ्याशी कधी मवाळ झाल्या असं म्हणता येणार नाही. पण एकदा कुंपणाच्या काट्यानं माझा हात चांगलाच फाटला. रक्त थांबेना. मी म्हटलं, "मावशी, चिमूटभर हळद द्या."

"दिवे लागले. आता हळद नाय देत घरातून."

मला भयंकर राग आला. रक्त गळतंय आणि ही बाई तिन्हीसांजेचे नियम सांगते! मी रुमाल गुंडाळून निघालेच होते. तर त्यांनी दंड धरून मला उंबऱ्यावर बसवलं, आत जाऊन डबा आणला आणि स्वतःच्या हातानं जखमेवर हळद दाबून भरली. "देनं येगळं, लावनं येगळं," त्या म्हणाल्या. "हळद माह्याच घरात राह्यली का नाय? तुह्या हातावर हाये, पन तू बसली माह्या उंबऱ्यावर. आता सुकस्तोवर हलू नको." मी हळद सुकेपर्यंत तिथं बसून राहिले. एवढ्या वर्षांत त्यांच्या उंबऱ्यावर मी बसले ती तेवढीच.

पुढं पुढं मी फोटो काढत असताना त्या माझ्याकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून काठी घेऊन बसायला लागल्या. संध्याकाळी त्या बाजूला दारू पिऊन टोळकी यायची. कोणी रेंगाळलं की कौतिकाबाई उठून विचारायच्या, "काय पाह्यजे? कोनाचा तू? बापाचं नाव काय?" तीन प्रश्नांत मोठमोठे दादा चालते व्हायचे. "माहा शक तुह्या कामी येतो का नाय?" त्या मला ऐकवायच्या. येत होता. मी त्या वळणावर कधी घाबरले नाही. त्या माझ्या मागं बसलेल्या असायच्या म्हणूनच मला गाडीकडं बघता आलं.

मधल्या काळात रुळांलगत विजेचे खांब आले, तारा आल्या, आणि माझे निम्मे फोटो त्या तारांनी चिरले. मी चडफडत होते ते फोटोंसाठी. कौतिकाबाईंना वेगळीच चिंता. "आधी खांब येतो," त्या म्हणाल्या, "मग मानूस येतो."

माणूस आला. रुळांची दुसरी जोडी टाकायची होती आणि वळणावरची सगळी कडेची जागा त्यात जात होती. घरांच्या भिंतींवर लाल रंगाच्या खुणा झाल्या. कौतिकाबाईंनी आपल्या भिंतीवरची खूण राखेनं घासून काढली, पण दोन दिवसांनी पुन्हा कोणी तरी मारून गेलं. मग सांगावा आला, की जे इथं आधीपासून राहत आलेत त्यांना शहराच्या कडेला पर्यायी खोली मिळेल. फक्त राहणं दाखवता आलं पाहिजे. वीजबिल, रेशनकार्ड, जुना फोटो, काहीही चालेल. युसूफभाईंचं मीटर होतं, त्यांचं काम झालं. कौतिकाबाईंकडं काहीच नव्हतं. त्यांनी ते मोठ्या कष्टानं जमू दिलं नव्हतं.

देवगावहून शोभा धावत आली. आईला देवगावला नेणं तिला अवघड होतं. सासरच्या दोन खोल्यांत आधीच सात माणसं, आणि शेळ्या बांधायला जागा नाही. आईची खोली झाली तर आई मानानं राहील, एवढंच तिचं म्हणणं. "आयुष्यात एक पक्की भिंत बघू द्या तिला," ती म्हणाली. युसूफभाईंनी माझ्याकडं बोट केलं. "मॅडम के पास फोटू का ढेर पडा है ना!"

"आहेत की!" मी म्हटलं. मला खरंच तसं वाटलं होतं. इतकी वर्षं त्याच वळणावर उभी राहून मी शेकड्यांनी फोटो काढले होते. एखाद्यात तरी पत्र्याचा कोपरा असेल, भिंतीचा तुकडा असेल.

रविवारी सकाळी चहा घेऊन कॉम्प्युटरसमोर बसले. सिमेंटच्या गाड्या, खताच्या, तेलाच्या टाक्यांच्या, धान्याच्या. पावसाळ्यातलं हिरवं वळण, उन्हाळ्यातलं पिवळं. जिथं घर असायला हवं तिथं प्रत्येक ठिकाणी कडुनिंबाचं खोड. मी फोटो मोठे करून बघितले, कोपरे बघितले. कौतिकाबाईंनी इतकं नीट तपासलं होतं, की कोंबडीचं पीससुद्धा राहिलं नव्हतं. दुपारी नवरा जेवायला बोलवायला आला, तर मी रडत होते. त्यानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, घर सापडत नाही. तो बिचारा घाबरला.

संध्याकाळी मी जाऊन तसं सांगितलं. शोभानंच तोड काढली. "ताई, आजकाल काय बी होतंय. माह्या पोरानं मोबाइलवर बापाला इमानाशेजारी उभं केलं. तुम्ही घर लावून द्या की फोटोत. कोनाला कळतंय?"

मला ते येत होतं. तासाभराचं काम. आजचा घराचा फोटो काढायचा, जुन्या फोटोत बसवायचा, सावली जुळवायची. खोटं घर तरी खोटं कुठं होतं? समोर उभं होतं, त्याच्या दाराशी आम्ही बोलत होतो. "लावते," मी म्हटलं.

"नाय," कौतिकाबाई म्हणाल्या.

"आई, घर जाईल!"

"जाऊ दे."

"अगं, पन काहून?"

"साह्यबानं वळखलं तर?" त्या शोभावर खेकसल्या. "मला काय करतील? मी जाईन तुह्याकडं. ही पोरगी इथंच राहनार. हिची नौकरी हाये. उद्या हिच्या खऱ्या फोटूवर बी शक घेतील." मग माझ्याकडं वळून आवाज खाली आणला. "शक लई वाईट असतोय, माय. मला इचार. मी जन्मभर घेतला."



शेवटी साक्ष द्यायचं ठरलं. कचेरीतले साहेब तरुण होते, बोलायला नीट होते, आम्हाला खुर्च्या दिल्या. युसूफभाईंनी तोंडी सांगितलं, पण ते स्वतःच खोली मिळालेले, शेजारी. त्यांच्या शब्दाला वजन नव्हतं. मग मी उभी राहिले. मी सांगितलं, की मी त्या वळणावर बरीच वर्षं जाते आणि या बाई तिथंच राहतात.

"रोज जाता? कशासाठी?"

"मालगाड्यांचे फोटो काढायला."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. सासूबाईंची, नवऱ्याची, पहिल्या दिवशीच्या कौतिकाबाईंची. "आहेत का फोटो?" त्यांनी विचारलं. "मग प्रश्नच मिटला. दाखवा."

नाही म्हणायची सोय नव्हती. निवडक फोटो मोबाइलवर होतेच, मी तो पुढं केला. ते बोटानं एकेक फोटो सरकवत गेले. कपाळावर आठी पडली. "मॅडम, जागा तर हीच आहे. डोंगर दिसतोय, झाड दिसतंय. इतक्या वर्षांचे फोटो, आणि घर एकातही नाही. मी यावरून काय समजायचं?"

मी मदतीला आले होते आणि माझेच फोटो सांगत होते, की तिथं कोणी राहतच नव्हतं.

तेव्हा कौतिकाबाई उठल्या. आयुष्यभर ज्या माणसाला त्या चुकवत आल्या त्याच्यासमोर पदर सारखा करून उभ्या राहिल्या. "साह्यब, तिचा कसूर नाय. मीच सांगितलं होतं, माहं घर घेऊ नको म्हनून. तिनं शब्द दिला होता."

"पण का?"

"तुमच्यामुळं," कौतिकाबाई म्हणाल्या.

साहेब हसले नाहीत, चिडलेही नाहीत. बराच वेळ कागद खालीवर करत बसले. मला वाटतं, त्यांना खरं वाटलं होतं. पण त्यांना खरं वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. बघतो म्हणाले. काही दिवसांनी कळलं, की यादीत कौतिकाबाईंचं नाव नाही.

त्या दिवशी कचेरीतून रिक्षानं परत येताना मी एकसारखी रडत होते. शोभा तोंड फिरवून बसली होती. तिला माझा राग आला होता आणि तो साहजिक होता. कौतिकाबाई मात्र बाहेर बघत होत्या. क्रांती चौक मागं पडला तेव्हा त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "रडू नको गं. आख्ख्या जन्मात एकच मानूस इमानदार भेटलं," त्या म्हणाल्या, "अन् ते बी नको त्या वक्ताला." आणि चक्क हसल्या. दात नसलेलं, मोकळं हसू. त्यांना हसताना मी प्रथमच बघत होते.

त्या देवगावला गेल्या. शेळ्या काही विकल्या, काही शोभाच्या दिरानं ठेवल्या. मी दोनदा भेटून आले. जावयाच्या घरातही त्यांचं तंत्र चालूच होतं. मी नेलेला पेढा त्यांनी आधी मला खायला लावला. पुढच्या थंडीत शोभाचा फोन आला. आजारपण फार दिवसांचं नव्हतं. डॉक्टर सुई टोचायला आले तेव्हा म्हणाल्या म्हणे, "आधी जावयाला टोच. त्याला काय झालं नाय तर मला दे." हे सांगताना शोभा फोनवर हसत होती आणि हसता हसता रडायला लागली. मीही रडले. मला आईच्या माघारी असं कोणासाठी रडू आलं नव्हतं.

वळणावर आता रुळांच्या दोन जोड्या आहेत. कडुनिंबही गेला. गेल्या महिन्यात आमच्या ओळखीच्या हौशी मंडळींनी फोटोंचं एक छोटंसं प्रदर्शन मांडलं, त्यात माझा त्या वळणाचा जुना फोटो लावला होता. एक गृहस्थ त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते. मला म्हणाले, "शहराच्या इतक्या जवळ अशी निर्मनुष्य जागा कुठं सापडली हो तुम्हाला?"

मी म्हटलं, "निर्मनुष्य नाही. तिथं कौतिकाबाई राहत होत्या. त्यांचं घर आहे तिथं."

गृहस्थांनी चष्मा वर केला, फोटोच्या अगदी जवळ गेले, चारही कोपरे नीट तपासले. मग वळून माझ्याकडं संशयानं बघितलं.

"कुठं आहे?" ते म्हणाले. "मला तर काहीच दिसत नाही."